प्रस्तावना : बाजूचं दिसेना झालं तेव्हा

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. मधोमध जगदंबेचं मंदिर, भोवती गोलाकार दुकानं, आणि कोणत्या रस्त्यातून हातगाडी येईल, कुठून ऑटो वळेल याचा नेम नाही. तिथून धडधाकट माणूस धक्का न लागता पार होतो तो नुसतं समोर बघून नव्हे. समोर बघता बघता दोन्ही कानांच्या दिशेचं जे आपसूक दिसत राहतं, त्याच्या भरवशावर तो पाऊल टाकतो. हे आपसूक दिसणं हळूहळू कमी झालं तर माणूस ‘मला दिसत नाही’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, लोक अंगावर येतात. मोटारसायकलवाले माजलेत. दाराची चौकट खांद्याला लागते. घरचे म्हणतात, तुमचं लक्षच नसतं.

पिट्यूटरी ग्रंथीच्या गाठी आणि त्या काढल्यावर परत येणारी नजर हा या पुस्तकाचा विषय. ऐकायला तो मेंदूच्या सर्जनचा वाटतो. पण आमच्याकडे त्याची सुरुवात बहुतेक वेळा चष्म्याच्या दुकानात होते, म्हणूनच प्रस्तावनेचं काम डोळ्याच्या डॉक्टरकडे आलं असावं. ऑपरेशन ठरलं की घरचे सर्जनला पहिला प्रश्न जिवाचा विचारतात आणि दुसरा नजरेचा : किती येईल? या दुसऱ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तोवर सर्जनच्या हातात उरलेलं नसतं. नस किती महिने दबून होती, यावर ते आधीच ठरून गेलेलं असतं. ते महिने नांदेड-लातूरकडे कुठे आणि कसे जातात, हे बोलायला हवं. पुस्तक ऑपरेशननंतरचं व्यवस्थित सांगतं. मी आधीचं जास्त सांगणार आहे.

थोडी रचना समजून घेतली तर पुढची पानं सोपी जातील. पिट्यूटरी नाकाच्या मागे, कवटीच्या तळाच्या हाडातल्या एका खळग्यात बसलेली असते. वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. थायरॉइड, अ‍ॅड्रिनल, बीजांडं, वृषणं यांना कामाला लावणारी संप्रेरकं इथून सुटतात. उंची, पाळी, अंगावरचं दूध, लघवीवाटे जाणारं पाणी, सगळ्यांत हिचा हात. खळग्याला खालून आणि पुढून-मागून हाड आहे, वर फक्त एक पातळ पडदा. गाठ वाढू लागली की तिला सोपी वाट वरची. आणि वर साधारण एका सेंटिमीटरवर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकत्र येऊन फुली करतात. प्रत्येक डोळ्यातून दहा-बारा लाख तंतू निघतात. त्यांतले डोळ्याच्या नाकाकडच्या अर्ध्या पडद्यातून आलेले, म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त, या फुलीत बाजू बदलतात. डोळ्यात चित्र उलटं पडत असल्यामुळे नाकाकडचा पडदा कानाकडचं बघत असतो. फुलीच्या मध्यावर खालून दाब आला की नेमके हेच तंतू सापडतात, आणि उजव्या डोळ्याचं उजवीकडचं, डाव्या डोळ्याचं डावीकडचं दिसणं जायला लागतं. सुरुवात वरच्या कोपऱ्यांतून होते, कारण आधी दबतात ते खालचे तंतू, आणि ते वरचं बघतात.

गंमत अशी की मधली नजर बराच काळ शाबूत राहते. तक्त्यासमोर बसवलं तर हा माणूस शेवटची ओळसुद्धा वाचून दाखवतो, आणि कागदावर ‘सिक्स बाय सिक्स’ लिहिलं जातं. घाईच्या ओपीडीत तिथंच विषय संपतो. मात्र तक्ता वाचून घेणाऱ्याचं ध्यान असेल तर त्याला एक खूण सापडते : उजवा डोळा ओळीतली डावीकडची अक्षरं तेवढी म्हणतो आणि थांबतो, डाव्या डोळ्याला विचारलं तर तो उजवीकडची म्हणतो. बऱ्याचदा मदतनीस पोरगं त्याला सांगतं, ‘मामा, पूर्ण ओळ वाचा ना,’ आणि मामा मान वळवून पूर्ण ओळ वाचतात. खूण गेली.

दुसरं गाऱ्हाणं शिवणकाम करणाऱ्यांचं. सुईत दोरा जात नाही. चाळिशीचा चष्मा लागला असेल म्हणून नंबर काढून देतात, तरी जात नाही. जवळच्या वस्तूवर दोन्ही डोळे रोखले की त्या वस्तूच्या पलीकडची जागा दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या अर्ध्या भागांत पडते. ते दोन्ही भाग गेलेले असतील तर नजर सुईच्या टोकावर आहे, पण टोकापलीकडे काहीच नाही, अशी अवस्था होते. नखं कापतानाही हेच. वाचताना निराळंच काही होतं : उरलेल्या दोन अर्ध्या नजरांना एकमेकींशी बांधून ठेवणारा सामाईक भाग उरत नाही, त्या सरकतात, आणि ओळीच्या मध्यावरचं एखादं अक्षर दुहेरी दिसतं किंवा गिळलं जातं. वृत्तपत्र वाचायची सवय सुटते. माणूस म्हणतो, आता बातम्यांत काही राम उरला नाही.

हे सगळं पकडायला यंत्र लागत नाही. एका हाताच्या अंतरावर समोरासमोर बसायचं. रुग्णाने एक डोळा तळहाताने झाकायचा, तपासणाऱ्याने समोरचा आपला डोळा मिटायचा. ‘माझ्या नाकाकडं बघायचं, बोटाकडं नाही.’ मग दोघांच्या मधोमध, बाहेरून आत, एक किंवा दोन बोटं दाखवायची आणि किती म्हणून विचारायचं. चारही कोपऱ्यांत. बोटं मोजता आली तरी एक पायरी राहते. बाहुली मोठी करायच्या थेंबांच्या बाटलीचं झाकण लाल असतं. ते नाकाच्या बाजूकडून कानाच्या बाजूकडे सावकाश न्यायचं. मधली उभी रेघ ओलांडताना लाल रंग फिका पडला, विटकरी झाला, तर तंतू दबायला लागलेत. रंग आधी जातो, बोटं नंतर. दोन्ही डोळ्यांचं मिळून दोन-तीन मिनिटांचं काम. वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या प्रत्येकाला ते शिकवलेलं असतं आणि गर्दीत ते सगळ्यात आधी गळतं, हे मी माझ्या व्यवसायाबद्दल तक्रार म्हणूनच लिहितो आहे.

मग महिने कुठे जातात? पहिला हप्ता चष्म्यात. नंबर बदलून बघतात, पुन्हा बदलतात. दुसरा मोतीबिंदूत. मराठवाड्यात मोतीबिंदूची शिबिरं गावोगाव पोचली आणि त्यांनी हजारो म्हाताऱ्यांना दिसायला लावलं, हे मोठंच काम. पण त्यामुळे साठीच्या पुढच्या कोणाचीही अंधुक नजर म्हणजे मोतीबिंदू असा सरळ हिशेब झाला. भिंग थोडं तरी पिकलेलं असतंच. ते काढलं जातं, आणि ऑपरेशन चांगलं होऊनही नजर उठत नाही. तिसरा हप्ता काचबिंदूत : नस फिकी दिसते, डोळ्याचा दाब नॉर्मल, तरी थेंब सुरू होतात. दाब नॉर्मल असताना, विशेषतः तरुण माणसात, नस खोलगट कमी आणि फिकी जास्त वाटली आणि फील्डमधला, म्हणजे यंत्रावर काढलेल्या नजरेच्या नकाशातला, काळा भाग उभ्या रेघेवर नेमका थांबत असला, तर थेंब लिहिण्याआधी एमआरआय लिहावा. हे वाक्य पुस्तकात कुठेतरी ठळक छापा असं मी सुचवलं होतं.

बाकी वेळ तुकड्यांत जातो. पस्तिशीच्या बाईची पाळी थांबली म्हणून ती स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाते. डोकं दुखतं म्हणून गावातल्या डॉक्टरकडे जाते, गोळी मिळते. बाजूचं दिसत नाही म्हणून, तेही सासूबाई दोनदा बोलल्यावर, डोळ्याच्या डॉक्टरकडे. मूल नसताना अंगावर दूध येतं हे ती कोणालाच सांगत नाही. तीन डॉक्टर, तीन चिठ्ठ्या, आणि त्या एकत्र ठेवून वाचणारा कोणी नाही. पुरुषांचं याहून अवघड. पुरुषात प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हेच संप्रेरक, वाढलं तर इच्छा कमी होते आणि मूल होत नाही, त्याचा दोष घरात बायकोला लागतो, आणि गाठ निवांत वाढत राहते. पुरुषांच्या गाठी सापडताना मोठ्या असतात त्यामागे हेही एक कारण आहे. वाढीच्या संप्रेरकाची गाठ मात्र अंगावर लिहिलेली असते : अंगठी बोटातून निघत नाही, चप्पल दर दोन वर्षांनी एक नंबरने मोठी घ्यावी लागते, जबडा पुढे येतो, आवाज जाड होतो. रोज बघणाऱ्या घरच्यांना हे दिसत नाही. लग्नातल्या जुन्या फोटोशी ताडून पाहिलं की दिसतं. आता प्रत्येकाच्या खिशात दहा वर्षांचे फोटो असतात. ते मागून बघायला पैसे पडत नाहीत.

अंतराचाही वाटा आहे. किनवटहून नांदेडला यायचं म्हणजे एक दिवस मोडतो. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, १९६६ पासूनचं विवेकानंद रुग्णालय आहे, अंबाजोगाईचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय तर सत्तरच्या दशकातलं. नांदेड-लातूर दोन्ही शहरांत एमआरआय होतो, फील्ड होतं, नसेचा थर मोजणारं ओसीटी होतं. म्हणजे निदान इथेच होऊ शकतं, आणि व्हायला हवं. पण नाकातून दुर्बिणीने पिट्यूटरीची गाठ रोज काढणारा हात, सोबत नाक-कान-घशाचा सर्जन, संप्रेरकांचा तज्ज्ञ आणि रात्रीबेरात्री सोडियम तपासणारी प्रयोगशाळा, हे सगळं एका छताखाली हवं असेल तर माणूस पुढे जातो. देगलूर-बिलोलीचा हैदराबादला जातो. १९५६ पर्यंत राजधानीच ती होती आणि आजही आजार मोठा म्हटलं की तिकडच्या म्हाताऱ्यांचे पाय त्याच दिशेला वळतात. निलंगा-औशाचा सोलापूरला किंवा पुण्याला, नांदेड शहरातला छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा देवगिरी एक्स्प्रेसने थेट मुंबईला. दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालापासून आपण मराठवाड्याच्या अनुशेषाचे आकडे मांडत आलो. सिंचनाचा मोजला, रस्त्यांचा मोजला. एखाद्या माणसाचं फील्ड किती महिने उशिरा झालं हा अनुशेष कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. अतुल गोयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली चार सेंटिमीटरपेक्षा मोठ्या, म्हणजे महाकाय म्हणवल्या जाणाऱ्या ११८ गाठींच्या ऑपरेशनांचा अनुभव प्रसिद्ध केला. ग्रंथीतली गाठ एक सेंटिमीटरची झाली की तिला मोठी म्हणतात, त्या हिशेबाने हे आकार बघा. एका विभागाकडे एवढ्या संख्येने एवढ्या मोठ्या गाठी याव्यात यात त्या विभागाचं कसब दिसतं. मला त्यात उशीरही दिसतो.

आता एक गोष्ट, जी ऐकून काही घरांचा जीव भांड्यात पडेल. प्रत्येक गाठ कापायची नसते. प्रोलॅक्टिन तयार करणारी गाठ गोळीने आकसते. कॅबरगोलीन ही गोळी बहुधा आठवड्यातून दोनदा घ्यायची, आणि नसेवरचा दाब काही दिवसांत, काही आठवड्यांत उतरायला लागतो; नजर चाकू न लागता परत येते. त्यासाठी ऑपरेशनची तारीख घेण्याआधी रक्तातलं प्रोलॅक्टिन बघावं लागतं. गाठ प्रचंड असेल आणि आकडा विचित्र कमी आला, तर रक्त पातळ करून पुन्हा तपासायला सांगावं. प्रोलॅक्टिन फारच जास्त असलं की काही चाचण्या फसतात आणि खोटा कमी आकडा देतात. थायरॉइडचंही तसंच. वर्षानुवर्षं थायरॉइड कमी राहिलं तर पिट्यूटरी स्वतःच फुगते, एमआरआयवर गाठीसारखी दिसते, क्वचित नसेला टेकते, आणि थायरॉक्सिन सुरू केलं की जागेवर बसते. थायरॉइडची एक टीएसएच तपासणी न केल्यामुळे कुणाची ग्रंथी कापली जाऊ नये.

उलट, एका प्रसंगात तासही मोजायचे असतात. गाठीत अचानक रक्तस्राव झाला की आयुष्यात कधी दुखलं नव्हतं असं डोकं दुखतं, उलट्या होतात, पापणी पडते, एकाची दोन दिसतात, नजर काही तासांत जाते. याला अर्धशिशी म्हणून अंधाऱ्या खोलीत निजवू नये. अशा वेळी सगळ्यात आधी लागतं ते हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन, कारण ग्रंथी बंद पडलेली असू शकते आणि मग रक्तदाब कोसळतो. ते तालुक्यालाही देता येतं. ते देऊन मग गाडी काढावी.

ऑपरेशनबद्दल मी थोडक्यात लिहितो, पुस्तकात चित्रं आहेत. नाकातून डोक्याचं ऑपरेशन म्हटलं की पहिल्यांदा कोणाचाच विश्वास बसत नाही. १९०७ साली इन्सब्रुकला हर्मन श्लोफर यांनी या वाटेने पहिली गाठ काढली. बोस्टनच्या हार्वी कुशिंग यांनी हीच वाट शेकडो वेळा वापरली आणि पुढे सोडून दिली, कवटी उघडायला लागले. त्यांच्यामागून जगही तिकडे गेलं. एडिंबरोचे नॉर्मन डॉट आणि पॅरिसचे जेरार्ड गियो यांनी नाकाची वाट जिवंत ठेवली, साठच्या दशकात माँट्रियलच्या ज्यूल्स हार्डी यांनी तिच्यात सूक्ष्मदर्शक आणला, आणि नव्वदच्या दशकात दुर्बीण आली. आता नाकाच्या मागच्या पोकळीतून हाडाची एक खिडकी उघडतात, गाठ बहुधा मऊ असते, ती खरवडून आणि शोषून बाहेर काढतात. वरचा ताणलेला पडदा मोकळा होऊन खाली उतरला की नसेवरचा भार गेला. मग खिडकी मांडीची चरबी किंवा नाकातल्याच अस्तराचा तुकडा लावून बुजवतात. गाठ बाजूला फार पसरलेली असेल तर आजही कवटीतूनच जावं लागतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. जाताजाता : नजरेच्या नकाशावरून गाठ ओळखण्याचं शास्त्र पक्कं करण्यात कुशिंग आणि त्यांचे नेत्रतज्ज्ञ सहकारी क्लिफर्ड वॉकर यांचा मोठा वाटा आहे. एमआरआय नव्हता, क्ष-किरणांत गाठ दिसत नव्हती. हातात होता तो फील्डचा कागद. आज एमआरआय आहे म्हणून तो कागद आपण मागे टाकला.

आणि मग ती सकाळ. वॉर्डात जाग आल्यावर काही रुग्ण मान न वळवता बाजूच्या कॉटवरचा माणूस दिसतो म्हणून सांगतात. नाकात बोळे, तोंडाने श्वास, घसा कोरडा, आणि तरी बाजूचं दिसतंय म्हणून चेहरा उजळलेला. हा भास नसतो. ठिबकची नळी दगडाखाली सापडली की पुढची झाडं सुकतात, पण नळी फुटलेली नसते. दगड उचलला की पाणी लगेच धावतं. दबलेल्या तंतूंपैकी बरेच असेच नुसते मुके झालेले असतात, मेलेले नसतात. पण दगड फार दिवस राहिला तर वाळून गेलेलं झाड पाणी आल्याने हिरवं होत नाही. पहिल्या आठवड्यातली ती झपाट्याची सुधारणा मुक्या तंतूंची. नंतरची संथ. तंतूंवरचं आवरण दाबाने झिजलेलं असतं, ते पुन्हा चढायला आठवडे आणि महिने लागतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने याचे टप्पे मांडले : पहिला आठवडा, मग साधारण एक ते चार महिने, आणि मग सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत थोडी थोडी भर. म्हणून सहाव्या आठवड्यातला फील्डचा कागद पाहून ‘एवढंच आलं’ असं म्हणायची घाई नको. आणि दोन वर्षांनंतर मोठ्या चमत्काराची वाटही बघू नये.

ढोबळ आकडा विचाराल तर दहांपैकी आठेक जणांचं फील्ड सुधारतं. अगदी पूर्वीसारखं होणारे त्याच्या निम्मे. थोड्यांचं आहे तसं राहतं, आणि शंभरातल्या एखाद-दोघांचं ऑपरेशनने बिघडतं. हे सही घेण्याआधी स्पष्ट सांगितलं पाहिजे आणि सही करण्याआधी विचारलं पाहिजे. कोण कुठल्या गटात जाईल याचा बराचसा अंदाज आधी बांधता येतो. डोळ्याच्या आत बघितल्यावर नसेचं तोंड पांढुरकं पडलेलं असेल, ज्याला आम्ही ओपीडीत ‘नस सुकली’ म्हणतो, तर आशा कमी. ओसीटीवर तंतूंचा थर किती जाड उरलाय ते मायक्रॉनमध्ये मोजता येतं. थर जाड आणि फील्ड काळं, तर ही मुकी नस आहे, चांगली बातमी. थर पातळ आणि फील्डही काळं, तर जे गेलं त्यातलं बरंच गेलं. पण ‘नस सुकली’ हा शब्द ऐकून ऑपरेशनच नको म्हणणारी घरं मी बघितली आहेत, त्यांच्यासाठी सांगतो : उरलेले तंतू वाचवणं हेही ऑपरेशनचं काम आहे, आणि पांढुरक्या नसेनेही थोडी उचल खाल्ल्याची उदाहरणं आहेत. अर्धा रस्ता दिसणं आणि अजिबात न दिसणं यांत एका माणसाचं सबंध कामधंद्याचं आयुष्य असतं.

ऑपरेशननंतर घरी परतण्याबद्दल पुस्तकात एक प्रकरण आहे. तिथून वाचायला सुरुवात केली तरी चालेल. आपल्याकडच्या रुग्णाचा खरा धोका तिथे आहे, कारण तो पाचव्या-सहाव्या दिवशी गाडीत बसतो आणि रक्तातलं सोडियम घसरायची वेळ नेमकी त्याच सुमारास, साधारण सातव्या दिवसाच्या आसपास येते. मळमळ, डोकं जड, सुस्ती, बडबड. घरचे म्हणतात प्रवासाचा शीण आहे, झोपू द्या, भरपूर पाणी पाजा. पाणी पाजल्याने सोडियम आणखी घसरतं. सातव्या-आठव्या दिवशी सोडियमची साधी रक्ततपासणी तालुक्याच्या गावीसुद्धा होते. डिस्चार्जच्या कागदावर ती तारखेसह लिहून घ्यावी. याच्या उलट, तांब्यावर तांब्या पाणी पिऊनही तहान भागत नसेल आणि लघवी थांबतच नसेल, तर तेही लगेच कळवावं. त्याला औषध आहे. नाकातून पाण्यासारखं स्वच्छ टपटपलं, विशेषतः पुढे वाकल्यावर, आणि घशात खारट लागलं तर ती सर्दी समजू नये, मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. आणि तपकीर बंद. हे आजीबाईंना स्वतंत्रपणे, नाव घेऊन सांगावं लागतं, कारण त्यांच्या लेखी तपकीर हे व्यसन नसतंच.

स्टिरॉइडच्या गोळीबद्दलही बोललं पाहिजे. स्टिरॉइड वाईट असतं हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय, आणि त्या अर्धवट माहितीपायी माणसं अत्यवस्थ होतात. ग्रंथी काम करत नसेल तर ही गोळी म्हणजे शरीर रोज जे तयार करतं तेवढंच बाहेरून देणं आहे. बरं वाटलं म्हणून ती बंद करायची नसते. ताप, जुलाब, दुसरं ऑपरेशन अशा वेळी ती डॉक्टरांना विचारून वाढवायची असते. थायरॉक्सिन सुरू करायचं असेल तर आधी ही, मग ते. उपवासाच्या महिन्यात, मग श्रावण असो की रमजान, गोळीच्या वेळांचं काय करायचं ते आधी विचारून ठेवावं. लाजून गप्प बसू नये.

पैशाचं थोडं. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत आधी सुरू झाली त्यांत नांदेड होतं. लातूरला ती पुढच्या वर्षी उरलेल्या राज्याबरोबर आली. आता ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे आणि मेंदूच्या शस्त्रक्रिया तिच्यात येतात. मात्र योजना रुग्णालयागणिक असते. राज्याची हद्द ओलांडून हैदराबादला जायचं ठरलं तर आपलं कार्ड त्या रुग्णालयात चालतं का, हे निघण्याआधी फोनवर विचारावं. स्टेशनवर उतरल्यावर विचारलं तर शेत गहाण पडतं.

शेवटी फाइलबद्दल. ऑपरेशननंतर सर्जन एमआरआय बघतो, डोळ्याचा डॉक्टर फील्ड बघतो, संप्रेरकवाला रक्त बघतो, आणि तिघांची शहरं वेगळी असतात. गाठ परत वाढू शकते, कधी कधी दहा वर्षांनी, आणि तेव्हा पहिली चाहूल एमआरआयला लागेल की फील्डला हे सांगता येत नाही. पहिला एमआरआय साधारण तीन महिन्यांनी, मग वर्षाला. फील्ड सहा आठवडे, सहा महिने, वर्ष आणि पुढे दरसाल. कोणताही फील्डचा कागद एकटा वाचता येत नाही, त्याच्या आधीचा लागतो. म्हणून ऑपरेशनच्या आधीचं फील्ड, कितीही घाई असली तरी, करून घ्यायचं आणि त्याची मूळ प्रत आपल्याकडे ठेवायची. शाईचे छापील कागद चालतात. गुळगुळीत कागदावरचे असतील तर झेरॉक्स काढावी, नाहीतर वर्षभरात ते कोरे होतात. या पुस्तकाच्या मागच्या पानांवर एक तक्ता छापला आहे : तारीख, उजव्या-डाव्या डोळ्याची नजर, फील्ड, नसेचा थर, एमआरआय, कॉर्टिसोल, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, सोडियम, चालू गोळ्या. पहिली ओळ ऑपरेशनच्या आधीची आहे. ती दवाखान्यातच, डॉक्टरांसमोर बसून भरून घ्यावी.